भंगार आणि भिंगरी

आमच्या भाईंदरात राहायचं तर माणसाला तीन आवाज बिनचूक ओळखता यावे लागतात. पहिला, येणारी लोकल भाईंदरला थांबणार की नुसती धूळ उडवून विरारला जाणार, याचा. दुसरा, खालून जाणाऱ्या भंगारवाल्याचा. आणि तिसरा, पुनर्विकासाच्या सभेत ‘यात आपल्या सर्वांचंच हित आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाचा. हे तीन आवाज ज्याला कळले त्याचा भाईंदरात संसार सुखाचा झाला म्हणून समजा.

आमच्या शेजारच्या तात्यांना चौथाही आवाज कळतो. वर कुठंतरी आभाळात फडफड ऐकू आली की तात्या चहाचा कप खाली ठेवतात, मान तिरकी करतात, डोळे मिटतात आणि ‘चेतक’ एवढंच म्हणून कप पुन्हा उचलतात. ऐंशी ओलांडल्यापासून सुनेनं दोन फुटांवरून मारलेली हाक त्यांना ऐकू येत नाही. पण दोन मैलांवरचं हेलिकॉप्टर मात्र जातीकुळासकट ऐकू येतं. सूनबाई म्हणतात की कानाच्या डॉक्टरला हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडेच संशयानं बघायला लागला.

तात्या तरुणपणी नौदलात होते. वैमानिक नव्हे हो, मेकॅनिक. हे ते स्वतःच आधी सांगून टाकतात. ‘वैमानिक हेलिकॉप्टर वर नेतो, मेकॅनिक ते खाली आणतो,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. पंधरा वर्षं नौदलात आणि मग निवृत्तीपर्यंत जुहूला एका कंपनीत, हातात पाना आणि नखांत ग्रीस, अशी त्यांची हयात गेली. त्या हयातीची शिल्लक म्हणजे पलंगाखालची एक लोखंडी ट्रंक. तिच्यात बारीक अक्षरांत भरलेल्या अकरा वह्या, भंगारात निघालेलं एक बेअरिंग, तारेला पीळ घालायची एक पक्कड, काळे-पांढरे फोटो आणि डांबराच्या गोळ्या.

आणि इथंच गोष्टीला सुरुवात होते. कारण आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. सहा महिन्यांत घरं खाली करायची, तोवर भाड्याच्या घरात राहायचं, असं ठरलं. भाड्याचं घर म्हणजे मूळ घरापेक्षा दोनशे फुटांनी लहान. तात्यांच्या मुलानं यादी केली : फ्रिज न्यायचा, कपाट न्यायचं, देव न्यायचे, तात्यांना न्यायचं. ट्रंक यादीत नव्हती. ‘तात्या, ते सगळं आता गूगलवर मिळतं,’ असं नातवानं समजावलं. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. आता मी काय करणार होतो? मी आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. मला छताच्या पंख्याचा कपॅसिटरसुद्धा बदलता येत नाही.

पण मला हेलिकॉप्टरची जी काही अक्कल आहे ती या पंख्यामुळेच आली. एकदा पंखा बंद पडला असताना तात्यांनी तो काढता काढता मला शिकवणी दिली. म्हणाले, ‘पंखा छताला घट्ट बसवलेला असतो, म्हणून पाती फिरतात आणि घर जागेवर राहतं. हेलिकॉप्टर म्हणजे हवेत लटकलेला पंखा. त्याला धरायला छतच नाही. पाती एकीकडे फिरली की खालची खोली उलटीकडे गरगरणार. ते होऊ नये म्हणून शेपटीला उभा छोटा पंखा लावतात. तो शेपटी धरून ठेवतो.’ मग त्यांनी रशियन कामोव्हची गंमत सांगितली. त्याला शेपटीचा पंखाच नाही. एकावर एक असे दोन मोठे पंखे, आणि ते परस्परविरुद्ध फिरतात. एकाचा हिसका दुसरा मोडून काढतो. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, ‘म्हणजे सासू-सुना! दोघी उलट्या दिशेनं फिरतात म्हणून घर जागेवर राहतं.’ एरोडायनॅमिक्सचा इतका सोपा सिद्धान्त अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात आलेला नसावा.

शब्दाचीही अशीच गंमत आहे. आपण ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ अशी फोड करतो ती चूक. ग्रीकमध्ये ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्र आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. हा प्टेरॉन आणि आपल्या संस्कृतातलं ‘पत्र’ ही एकाच कुळातली भावंडं; दोघांचं मूळ उडण्याच्या धातूत. पत्र म्हणजे आधी पंख, मग झाडाचं पान, मग चिठ्ठी. म्हणजे आपण पत्रावळीवर जेवतो तेव्हा हेलिकॉप्टरच्या दूरच्या नातेवाइकावरच भात वाढून घेत असतो.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या बेतानंच देतो. लिओनार्दो दा विंचीनं पंधराव्या शतकात मळसूत्री यंत्राचं चित्र काढून ठेवलं, पण ते काही उडालं नाही. आपली पोरं जत्रेत भिंगरी उडवत होती, ती मात्र उडत होती. पुढं इगोर सिकोर्स्की या रशियातून अमेरिकेत गेलेल्या माणसानं १९३९ साली आपलं व्हीएस-३०० हवेत उचललं, आणि पाचच वर्षांत हे यंत्र आपल्या दारात आलं. १९४४ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात, जपानी फौजेच्या पिछाडीला, एक वैमानिक आणि तीन ब्रिटिश सैनिक अडकून पडले होते. त्यांना आणायला कार्टर हार्मन नावाचा अमेरिकन लेफ्टनंट आसामातल्या लालाघाटच्या तळावरून एक सिकोर्स्की घेऊन मजल दरमजल करत निघाला. ते यंत्र इतकं अशक्त की वैमानिकाखेरीज एकच माणूस घेई, आणि उन्हात इंजिन तापून धापा टाकी. हार्मननं चार खेपा घातल्या, एकेक करून चौघांना बाहेर काढलं. लढाईत हेलिकॉप्टरनं माणूस वाचवण्याची ही पहिली वेळ. तात्या ही कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतात, आणि शेवटी म्हणतात, ‘चार खेपा म्हणजे चारदा इंजिन थंड करणारा मेकॅनिक कोण होता, ते कुणी विचारत नाही.’

आपल्या हवाई दलात पहिलं हेलिकॉप्टर आलं १९५४ साली; तेही सिकोर्स्कीच, एस-५५. मग फ्रेंचांच्या अलूएत-३ चा परवाना घेऊन बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं ते बांधायला घेतलं. इथं जुळवलेलं पहिलं यंत्र जून १९६५ मध्ये उडालं. नाव ठेवलं ‘चेतक’. राणा प्रतापाचा घोडा जखमी पायानं नाला ओलांडून गेला. या चेतकानं किती पूर ओलांडले त्याची मोजदाद नाही. अशी तीनशेहून अधिक चेतक आपल्याकडे तयार झाली. विमानवाहू ‘विक्रांत’वर तात्या याच यंत्राच्या सेवेला होते. जहाजावरून विमानं उडायला किंवा उतरायला लागली की एक हेलिकॉप्टर बाजूला हवेत तरंगत उभं राहायचं. एखादं विमान समुद्रात पडलंच तर वैमानिकाला उचलायला. ‘म्हणजे दिवसभर काही होऊ नये म्हणून देवाची प्रार्थना करायची आणि काही झालंच तर आपणच देव व्हायचं,’ तात्या सांगतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून गोव्याला गेलो होतो. गोव्याला माणसं कशाला जातात ते मी सांगायला नको. आम्ही मात्र दाभोळीच्या विमानतळापासून जवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान-संग्रहालय आहे, तिथं उन्हात उभे होतो. १९९८ साली सुरू झालेलं हे म्युझियम. आवारात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी विक्रांतवरची जुनी मंडळी आणि मधोमध एअर इंडियाचं मग हवाई दलाचं आणि शेवटी नौदलाचं झालेलं, तीन घरी नांदून आलेलं सुपर कॉन्स्टेलेशन. हेलिकॉप्टरंही होती : सी किंग, तो दोन पंख्यांचा कामोव्ह, आणि चेतक.

तात्या चेतकजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला. आपण गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाच्या फिरवतो तसा. पहाऱ्यावरच्या पोरानं हटकलं, ‘बाबा, हात नका लावू.’ तात्या म्हणाले, ‘बाळा, तुझे वडील शाळेत जात होते तेव्हापासून लावतोय.’ मग दोघांचं बोलणं झालं. पाच मिनिटांनी बघतो तर त्या पोरानं तात्यांना सावलीत खुर्ची आणून दिलेली, आणि तात्या खुर्चीत बसून त्याला चेतकच्या गिअरबॉक्सचे दुर्गुण सांगताहेत. सौ. मला म्हणाली, ‘समुद्र बघायला आलो होतो ना आपण?’ मी म्हटलं, ‘हेही समुद्रातलंच आहे.’

गोव्यातली ती यंत्रं नशीबवान म्हणायची. खुद्द विक्रांतचं नशीब तेवढं थोर नव्हतं. १९६१ साली नौदलात दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम केलेली ही नौका १९९७ साली निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत तिचं म्युझियम झालं. तात्या नातवाला घेऊन गेले होते. वरच्या डेकवर कुठं उभं राहून आपण भजी खाल्ली होती ती जागासुद्धा त्यांनी दाखवली. पण लोखंड खाऱ्या पाण्यात म्हातारं होतं, आणि त्याच्या औषधपाण्याचा खर्च कुणाला झेपेना. २०१२ साली ती लोकांना बंद झाली, २०१४ साली साठ कोटी रुपयांना भंगारात विकली गेली आणि मुंबईतच तिचे तुकडे झाले. त्यातल्या काही धातूची पुढं २०१६ साली मोटरसायकल निघाली. तात्या शोरूममध्ये जाऊन आले. विक्रेत्याला वाटलं आजोबांना गाडी घ्यायचीय. त्यानं मायलेज सांगितलं. तात्यांनी पेट्रोलच्या टाकीवर टिचकी मारली आणि विचारलं, ‘चोवीस नॉट काढते का?’

यावर आम्ही सगळे हसलो होतो. तात्याही हसले होते. पण त्या रात्री त्यांनी ट्रंक उघडून सगळ्या वह्या नव्यानं कागदात गुंडाळल्या, हे मला सूनबाईंनी नंतर सांगितलं.

आता इंग्लंडकडे वळू. आमची मुलगी ब्रिस्टलला असते. तिथून तासाभराच्या अंतरावर समुद्रकाठी वेस्टन-सुपर-मेअर नावाचं गाव आहे. गाव म्हणजे तिकडचं अलिबाग म्हणा. ओहोटीला समुद्र इतका मागं जातो की नुसता चिखल उरतो, आणि त्या चिखलाकडे बघत गोरी माणसं आइस्क्रीम खातात. त्या गावच्या जुन्या धावपट्टीच्या जागेवर हेलिकॉप्टरांचं म्युझियम आहे. नुसत्या हेलिकॉप्टरांचं असं जगातलं हे सर्वांत मोठं. एल्फन अॅप रीस नावाच्या एका हेलिकॉप्टरवेड्यानं जमवलेल्या पसाऱ्यातून ते उभं राहिलं आणि १९८९ साली लोकांना खुलं झालं. सरकार नाही, लष्कर नाही. धर्मादाय संस्था आहे आणि बहुतेक कामं स्वयंसेवक करतात. स्वयंसेवक म्हणजे कोण? सत्तरीपंच्याहत्तरीचे आजोबा! अंगात निळा डगला, खिशात चष्मा, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात चहाचा मग. मला क्षणभर वाटलं, इंग्लंडातले सगळे तात्या एका ठिकाणी गोळा केलेत.

तिथं एक लिंक्स आहे. ते ११ ऑगस्ट १९८६ रोजी ताशी ४००.८७ किलोमीटर वेगानं उडालं आणि त्यानं विक्रम केला. पण माझा जीव गुंतला तो दुसऱ्याच गोष्टीत. एका बाजूला एका यंत्राचे नुसते तुकडे मांडले होते. रोटोडाइन त्याचं नाव. अर्धं विमान, अर्धं हेलिकॉप्टर, १९५७ साली उडालं. शहराच्या मध्यातून दुसऱ्या शहराच्या मध्यात चाळीसेक माणसं नेईल अशी त्याची ख्याती होणार होती. पैसा आटला, १९६२ साली योजना बंद झाली आणि यंत्र मोडीत काढलं. उरले ते एवढे तुकडे. पण ते तुकडेसुद्धा त्यांनी पुसून, नावाची पाटी लावून ठेवलेत. आमच्याकडे आख्खी नौका राहिली नाही, आणि हे लोक तुकड्याला पाटी लावतात, असं मनात आलं आणि जरा लाज वाटली.

आणि मग समोर दिसलं वेस्टलँड-३०. हे नाव मी तात्यांकडून शंभरदा ऐकलं होतं. समुद्रात ‘बॉम्बे हाय’ला १९७४ साली तेल सापडलं, तिथल्या फलाटांवर माणसं ने-आण करायला हेलिकॉप्टरं हवी झाली. १९८५ साली सरकारनं त्यासाठी कंपनी काढली, तिचंच पुढं ‘पवन हंस’ झालं. या कंपनीसाठी ब्रिटननं एकवीस वेस्टलँड देऊ केली. पैसेही त्यांचेच, मदत म्हणून. साडेसहा कोटी पौंड. म्हणजे पाहुण्यानंच किराणा आणून दिला, फक्त दुकान पाहुण्याच्या मेव्हण्याचं होतं. ही यंत्रं आली, पण आपल्या हवेशी त्यांचं जमलं नाही. १९८८ आणि १९८९ साली दोन अपघात झाले, माणसं गेली, आणि १९९१ साली सगळी जमिनीवर बसवली. कित्येक वर्षं पडून राहिल्यावर ती नऊ लाख पौंडांना विकली. हिशोब मी कारकुनी सवयीनं केला : रुपयाला दीड पैसासुद्धा हाती आला नाही.

वेस्टनला उभं होतं ते या जातीचं अगदी पहिलं यंत्र, १९७९ साली उडालेलं. मी तिथूनच तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. भाईंदरात संध्याकाळ झाली होती. शेजारी पाना घेऊन उभे असलेले एक आजोबा योविलच्या कारखान्यात, म्हणजे जिथं हे यंत्र जन्मलं तिथं, कामाला होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. पुढची वीस मिनिटं मी आणि मुलगी आइस्क्रीम खात उभे होतो. एकाचं इंग्रजी योविलचं, दुसऱ्याचं नौदलाचं. निम्मं दोघांना कळत नव्हतं, पण बोटांनी चाललं होतं. मधेच त्या आजोबांनी फोन एका बाकाजवळ नेला. तिथं एक शाळकरी पोरगा लाकडी फळीवरच्या नटांना तार बांधायचा सराव करत होता.

ही तार काय असते ते सांगतो. हेलिकॉप्टर सतत थरथरतं. थरथरीनं नट सैल होतात. म्हणून महत्त्वाचा प्रत्येक नट पीळ दिलेल्या तारेनं शेजारच्या नटाशी बांधतात. तीही अशा बेतानं की एक नट सैल व्हायला लागला की त्याच्या ओढीनं दुसरा आवळला जातो. तात्यांच्या घरी चपलेपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत सगळं याच तारेनं बांधलेलं आहे. तर फोनच्या पडद्यावर तात्यांनी त्या पोराचे पीळ मोजले. ‘इंचाला आठ,’ ते म्हणाले, ‘बरोबर.’ पोरानं अंगठा वर केला. ‘मिस्टर, तुमच्या मित्राच्या वह्या आहेत म्हणतात,’ फोन परत देताना ते आजोबा मला म्हणाले. ‘छापील पुस्तकं आमच्याकडे खूप आहेत. पण हातानं काम करणाऱ्यानं हातानं लिहिलेलं फार थोडं उरतं. त्या टाकू देऊ नका.’

मी म्हणणार होतो की आमच्याकडे असली हौस करणारी माणसं कुठली? पण जीभ चावली. कारण आमच्याच भाईंदर-उत्तनच्या बाजूला धारावी किल्ला आहे. (मुंबईची धारावी नव्हे. तिथं जायला निघालेली बरीच मंडळी अजून माहीमला उतरून चौकशी करतात.) चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३७ ते ३९ मध्ये, या धारावीसाठी मराठे आणि पोर्तुगीज हातघाईवर आले होते. तिथं रविवारी घमेली-फावडी घेऊन झुडपं तोडायला जाणारी पोरं मी स्वतः स्टेशनवर पाहिलीत. त्यांना कोणी पगार देत नाही. उलट घरून बोलणी मिळतात. तेव्हा माणसं आहेत. फक्त किल्ल्याला घमेलं लागतं आणि ट्रंकेला पलंगाखालची तीन फूट जागा लागते, आणि आमच्याकडे घमेली मुबलक आहेत.

परत आलो तेव्हा घरं खाली करायला चार दिवस उरले होते. भंगारवाला जिन्यातच मुक्कामाला आल्यासारखा होता. तात्यांच्या दारात ट्रंक बाहेर काढून ठेवलेली. मुलगा बिचारा ओशाळलेला. त्याचंही खोटं नव्हतं, त्या घरात खरोखरच जागा नव्हती. भंगारवाल्यानं ट्रंक उचलून अंदाज घेतला आणि म्हणाला, ‘लोहा अलग, रद्दी अलग.’

मी तोंड उघडायच्या आत सौ. पुढं झाली. म्हणाली, ‘ती आमच्याकडे जायचीय. तुम्ही हा घ्या,’ आणि तिनं आमचा मिक्सर त्याच्या हातात दिला. तो मिक्सर बिघडलेला होता हे खरं, पण ती चौदा वर्षं तो दुरुस्त करायचा म्हणून जपत होती, हेही खरं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती म्हणाली, ‘बघता काय? एका टोकाला धरा.’

आता आम्ही सगळे भाड्याच्या घरांत आहोत, एकाच गल्लीत. ट्रंक आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. वर टेबलक्लॉथ घातलाय, त्यामुळे पाहुण्यांना ती टीपॉय वाटते. रविवारी दुपारची झोप झाली की तात्या येतात. मागच्या महिन्यापासून गल्लीतली दोन पोरंही येतात. एकाला क्रिकेटमधला हेलिकॉप्टर शॉट येतो, एवढाच त्याचा या विषयाशी संबंध होता. आता तो अकरापैकी तिसरी वही फोनवर फोटो काढून उतरवतोय. तात्यांचं अक्षर कुठं अडलं तर विचारतो, आणि तात्या डोळे मिटून आठवून सांगतात. दुसऱ्याला त्यांनी फळी, दोन नट आणि पक्कड दिली आहे. त्याचे पीळ अजून इंचाला पाचाच्या पुढं गेलेले नाहीत.

प्रवेश विनामूल्य आहे. चहा सौ. देते. मात्र यायचं असेल तर घाई करा, असं मी म्हणणार नाही. कारण नवीन बिल्डिंगचं काम कसं चाललंय ते पाहता आमचं म्युझियम सध्याच्या जागी बरीच वर्षं चालेल अशी लक्षणं आहेत.